ब्रेस्ट इम्प्लांट : ऑपरेशनला होकार देण्यापूर्वी

१९६२ साल. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या एका इस्पितळात टिमी जीन लिंडसे नावाची सहा मुलांची आई आली होती. छातीवर गोंदलेलं गुलाबाचं फूल तिला काढून टाकायचं होतं. तिथल्या थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो या डॉक्टरांनी मात्र तिच्यापुढे वेगळाच प्रस्ताव ठेवला. सिलिकॉनच्या पिशव्या बसवून स्तनांना पुन्हा उभारी आणून देतो, तयार आहेस का? टिमीला आपल्या स्तनांची फारशी काळजी नव्हतीच. तिला खटकत होते ते कान, जरा जास्तच पुढे आलेले. कानही नीट करून देणार असाल तर हे करा, असं तिने सांगितलं. डॉक्टरांनी दोन्ही केलं आणि ती जगातली पहिली सिलिकॉन इम्प्लांट बसवलेली स्त्री ठरली. तिच्याआधी हा प्रयोग एस्मेराल्डा नावाच्या एका कुत्रीवर झाला होता.

ही हकिकत गमतीची वाटते, पण तिच्यातली एक गोष्ट आजही तशीच आहे. इच्छा एकाची असते आणि ऑपरेशन दुसरीचं होतं. कधी नवऱ्याच्या टोमण्यांमुळे, कधी लग्न जमत नाही म्हणून, तर कधी पडद्यावरची नटी पाहून मुली आणि बायका प्लास्टिक सर्जनच्या दारात उभ्या राहतात. दुसरीकडे कर्करोगामुळे स्तन गमावलेली स्त्री असते. पदर सतत पुढे ओढून घेण्याचा तिला कंटाळा आलेला असतो आणि घरात याबद्दल बोलायलाही कोणी नसतं. दोघींची गरज सारखी नाही, पण पुढे येणारे बरेचसे प्रश्न सारखेच आहेत.

पिशवीत काय असतं?

इम्प्लांट म्हणजे सिलिकॉनच्या आवरणाची एक पिशवी. तिच्यात एकतर सिलिकॉनचं घट्ट जेल भरलेलं असतं किंवा मिठाचं निर्जंतुक पाणी. जेलची पिशवी हाताला अधिक नैसर्गिक लागते. पाण्याच्या पिशवीला, विशेषतः सडपातळ स्त्रीच्या अंगावर, कडेला वळ्या जाणवू शकतात. मात्र पाण्याची पिशवी फुटली तर स्तन लगेच बसतो आणि कळून येतं. ते पाणी शरीर शोषून घेतं, त्याने अपाय होत नाही. जेलची पिशवी गुपचूप फुटते. बाहेरून काहीच फरक दिसत नाही आणि एमआरआय किंवा सोनोग्राफी केल्याशिवाय पत्ता लागत नाही.

आकार गोल असतो किंवा थेंबासारखा, खाली भरीव आणि वर उतरता. आवरण गुळगुळीत असतं किंवा खरखरीत. या खरखरीतपणाबद्दल पुढे येईलच. पिशवी छातीच्या स्नायूच्या वर किंवा खाली बसवतात. चीर स्तनाच्या खालच्या घडीत, काखेत किंवा स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या कडेने घेतात. मूल व्हायचं असेल तर या शेवटच्या जागेबद्दल डॉक्टरांशी नीट बोलावं, कारण तिथे चीर घेतल्यास दूध वाहून नेणाऱ्या नलिका दुखावण्याची शक्यता जास्त असते. इम्प्लांटनंतर अनेक जणी बाळाला अंगावर पाजू शकतात, पण दूध पुरेसं येईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. गरोदरपणात आणि नंतर स्तनांचा आकार बदलतो तो वेगळाच. त्यामुळे घाई नसेल तर बाळंतपणं उरकेपर्यंत थांबणं शहाणपणाचं.

किती मोठं हवं याचं उत्तर ब्राच्या मापात मिळत नाही, ते मिलिलीटरमध्ये मिळतं. अंदाजासाठी घरच्या घरी करण्याजोगी एक साधी युक्ती आहे. मोजपात्राने तांदूळ मोजून, समजा २०० मिलिलीटर, पातळ मोज्यात भरायचे आणि ती पुरचुंडी ब्रामध्ये ठेवून दिवसभर घरातली कामं करायची. जिना चढायचा, केर काढायचा, ओट्यापाशी उभं राहायचं. संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणींचं माप आपोआप कमी होतं! मोठ्या इम्प्लांटने त्वचा ताणली जाते, ओघळते, आणि पाठीवर भार येतो तो निराळा.

हा दागिना कायमचा नव्हे

आपल्याकडे सर्वांत मोठा गैरसमज इथे आहे. एकदा पैसे मोजले की जन्माची चिंता मिटली, असं धरून चाललं जातं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने, म्हणजे एफडीएने, २०११ साली दिलेला हिशेब पाहा. केवळ सौंदर्यासाठी इम्प्लांट बसवलेल्या पाच जणींपैकी एकीला दहा वर्षांच्या आत ते काढावं लागू शकतं. कर्करोगानंतर स्तन नव्याने घडवलेल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण दोघींमागे एक इतकं असू शकतं. म्हणजे पंचविशीत ऑपरेशन करणाऱ्या मुलीने आयुष्यात आणखी एक-दोनदा टेबलावर झोपण्याची तयारी ठेवलेली बरी.

काढावं का लागतं? शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती पातळ पडदा विणतं. काही जणींमध्ये हा पडदा जाड होऊन आकसतो, मग स्तन दगडासारखा टणक होतो, दुखतो, आकार बिघडतो. काहींची पिशवी फुटते किंवा जागा सोडते. क्वचित जंतुसंसर्ग होतो. स्तनाग्राची संवेदना कमी होते, काहींची परत येते, काहींची येत नाही.

वाद कशावरून झाले?

१९९२ साली एफडीएने सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर कडक निर्बंध आणले. ते कर्करोगानंतरच्या आणि अशाच मोजक्या कारणांसाठी, अभ्यासाच्या चौकटीतच वापरता येत होते. सांधेदुखीसारखे आजार होतात म्हणून हजारो स्त्रियांनी दावे लावले होते. डाऊ कॉर्निंग ही मोठी उत्पादक कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सगळे पुरावे तपासून सांगितलं, की इम्प्लांटमुळे असे आजार होतात याला आधार सापडत नाही, मात्र फुटणं आणि आकसणं या तक्रारी खऱ्या आहेत. २००६ मध्ये निर्बंध उठले. सौंदर्यासाठी जेलचं इम्प्लांट बसवायला तिथे किमान वय २२ ठरवलं गेलं, पाण्याच्या इम्प्लांटसाठी १८.

यापेक्षा चीड आणणारं प्रकरण फ्रान्समधलं. पीआयपी नावाच्या कंपनीने वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनऐवजी स्वस्तातलं औद्योगिक सिलिकॉन भरलं आणि माल जगभर विकला. २०१० साली हे उघडकीस आलं. त्या पिशव्या लवकर फुटत होत्या. कंपनीचा संस्थापक जाँ-क्लोद मास याला २०१३ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, पण ज्यांच्या छातीत तो माल बसला होता त्यांच्यापैकी कितीतरी जणींना पुन्हा ऑपरेशन करून घ्यावं लागलं. स्वस्त पडतंय म्हणून कंपनीचं नाव न विचारणाऱ्या गिऱ्हाइकाने हे प्रकरण ध्यानात ठेवावं.

आता खरखरीत आवरणाबद्दल. काही इम्प्लांटभोवती लसिका पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग होऊ शकतो, हे २०११ पासून पुढे येत गेलं. तो स्तनाचा नेहमीचा कर्करोग नाही. ज्या रुग्णांत तो आढळला त्यांच्यात खरखरीत इम्प्लांट असलेल्याच बहुतांश होत्या. जुलै २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल जातीची खरखरीत इम्प्लांट्स जगभरातून परत घेतली. ज्यांना काही त्रास नाही त्यांनी केवळ भीतीने ती काढण्याची गरज नाही, असं एफडीएने सांगितलं. पण ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली, पाणी साठल्यासारखं झालं किंवा गाठ लागली, तर आठवडाभरही वाट पाहू नये. २०२१ पासून अमेरिकेत इम्प्लांटच्या वेष्टणावर ठळक धोक्याची सूचना छापावी लागते आणि ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांनी स्त्रीला धोक्यांची यादी एकेक कलम वाचून समजावणं आवश्यक झालं. थकवा, सांधे दुखणं, विसराळूपणा अशा तक्रारींचाही त्यात उल्लेख आहे, जरी त्यांचं नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही.

कर्करोगानंतर

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, जे १९४१ पासून सुरू आहे, राज्याच्या कानाकोपऱ्यातून बायका येतात. भारतीय स्त्रियांमध्ये आज स्तनाचाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. गाठ लवकर सापडली तर पूर्ण स्तन काढावा लागतोच असं नाही, फक्त गाठ काढून किरणोपचार देता येतात. म्हणून स्तन काढायचा आहे असं कळल्यावर पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की माझा स्तन वाचवता येईल का? आणि दुसरा, नवा घडवायचा झाला तर त्याच ऑपरेशनमध्ये की नंतर? हा प्रश्न ऑपरेशनच्या आधी विचारला तरच उपयोगाचा, कारण त्वचा कुठे आणि किती राखायची हे त्यावर ठरतं.

अशा वेळी बऱ्याचदा आधी एक रिकामी पिशवी बसवून तिच्यात काही आठवडे थोडं थोडं पाणी भरतात. त्वचा सैल झाली की तिच्या जागी कायमचं इम्प्लांट येतं. किरणोपचार द्यायचे असतील तर पडदा आकसण्याचा धोका बराच वाढतो, तेव्हा डॉक्टर स्वतःच्याच शरीराचा भाग वापरण्याचा सल्ला देऊ शकतात. पोटावरची त्वचा आणि चरबी किंवा पाठीचा स्नायू छातीवर आणून स्तन घडवतात. ऑपरेशन मोठं असतं, जखमा दोन होतात, पण परकी वस्तू शरीरात राहत नाही.

शरीराच्या एका भागाने दुसरा भाग घडवण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापलं होतं. पुण्यातल्या एका जाणकार कुंभाराने कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं आणि त्याचं सचित्र वर्णन १७९४ साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये छापून आलं. आधुनिक काळात प्लास्टिक सर्जरीचा देशातला पहिला स्वतंत्र विभागही महाराष्ट्रातच, नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ साली सुरू झाला.

नव्या स्तनात पूर्वीची संवेदना सहसा येत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेलं बरं. आणि काहीच न करणं हाही एक रास्त पर्याय आहे. ब्रामध्ये ठेवायचे सिलिकॉनचे किंवा कापसाचे कृत्रिम स्तन मिळतात, अंगावर शस्त्र न चालवता साडी-ब्लाउज नीट बसतो. घरच्यांनी मात्र ‘आता या वयात काय करायचंय’ असं म्हणून विषय मिटवू नये. साठीतल्या बाईलाही आरशात पाहावं लागतंच.

खर्चाचं म्हणाल, तर विमा कंपन्या नुसत्या सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे देत नाहीत. पण विमा नियामकाच्या प्रमाणित शब्दरचनेत अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला या वगळणुकीतून सूट आहे. पॉलिसीचे बारीक अक्षरांतले ते कलम दवाखान्यात भरती होण्याआधी वाचून लेखी मंजुरी घ्यावी. तामिळनाडू सरकारने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅन्ली रुग्णालयात स्तनांच्या शस्त्रक्रिया मोफत सुरू केल्या तेव्हा सरकारी पैसा यावर का, असा गलका झाला होता.

डॉक्टरांकडे जाताना

ब्यूटी पार्लरच्या ओळखीने किंवा जाहिरात पाहून डॉक्टर निवडू नका. त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा समकक्ष पदवी आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद आहे का, हे विचारण्यात संकोच कसला? वर्षाला अशी ऑपरेशनं किती करता, गुंतागुंत झाली तर पुढच्या ऑपरेशनचा खर्च कोणाचा, भूल कोण देणार, रात्री काही झालं तर अतिदक्षता विभाग आहे का, हेही विचारा. ज्याला अशा प्रश्नांचा राग येतो तो डॉक्टर बदलावा.

स्वतःची माहिती लपवू नका. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, घरात कोणाला झालेला स्तनाचा कर्करोग, सगळं सांगा. आणखी एक गोष्ट आपल्या बायका हमखास सांगत नाहीत, ती म्हणजे मिश्री. सिगारेट ओढत नाही म्हणून तंबाखूचा प्रश्नच नाही असं समजू नका. मिश्रीतलं निकोटिनही रक्तवाहिन्या आकुंचित करतं, जखम भरायला वेळ लागतो, त्वचा मरूही शकते. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी आणि नंतरही ती पूर्ण बंद हवी.

चाळिशी जवळ आली असेल तर ऑपरेशनपूर्वी मॅमोग्राफीबद्दल विचारा. पुढे दर वेळी तपासणीला गेल्यावर इम्प्लांट असल्याचं तंत्रज्ञाला आधी सांगा, म्हणजे ते बाजूला सारून जास्तीची छायाचित्रं घेता येतात. जेलचं इम्प्लांट असेल तर ऑपरेशननंतर पाच-सहा वर्षांनी आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असा एफडीएचा सल्ला आहे. हा खर्चही सुरुवातीच्याच हिशेबात धरायला हवा.

आणि घरी येताना एक कार्ड मागून घ्या. कंपनीचं नाव, इम्प्लांटचा प्रकार, आकारमान आणि खोक्यावरचा लॉट क्रमांक त्यावर असतो. पीआयपीचा घोटाळा बाहेर आला तेव्हा आपल्या छातीत कोणाचा माल आहे हे कितीतरी स्त्रियांना शोधत बसावं लागलं. कार्डाच्या दोन झेरॉक्स काढा, एक फाइलमध्ये आणि दुसरी बहिणीकडे किंवा मुलीकडे.