फेडरच्या खाली काय आहे?

दोन्ही यंत्रं शेजारी मांडली तर लांबून फरक कळत नाही. दोन्हींवर फेडरची रांग, वर नॉब, लुकलुकणारे दिवे आणि समोर वाकून बसलेला रेकॉर्डिस्ट. पण एकातून गाणं जातं आणि दुसऱ्यातून गाण्याचा अंशही जात नाही. अ‍ॅनालॉग मिक्सरमध्ये मायक्रोफोनकडून आलेला विजेचा सिग्नल त्या फेडरमधूनच पुढे जातो. कंट्रोल सरफेसचा फेडर सरकवला की केबलमधून संगणकाकडे फक्त एक आकडा जातो. आवाज संगणकातच असतो, कमी-जास्तही तिथेच होतो. घरी स्टुडिओ उभारू पाहणारे ‘यातलं काय घेऊ?’ असं विचारतात, तेव्हा कोणाचा आवाज चांगला हा प्रश्न त्यांच्या मनात असतो. खरं तर तो प्रश्न इथे लागूच होत नाही. कंट्रोल सरफेसला स्वतःचा आवाज नाही. चांगला नाही आणि वाईटही नाही.

स्वतःचा आवाज असलेलं यंत्र कसं असतं, हे पाहायचं तर लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागात जावं लागेल. तिथल्या साउंड सिटी स्टुडिओनं १९७३ साली इंग्लंडहून नीव्ह ८०२८ कन्सोल, म्हणजे मोठा अ‍ॅनालॉग मिक्सर, मागवला. किंमत सुमारे ७५ हजार डॉलर, म्हणजे त्या काळी एका घराहूनही जास्त. २८ इनपुट, १६ बस, ऑटोमेशन शून्य. रूपर्ट नीव्ह यांच्या रचनेत मायक्रोफोनचा दुबळा सिग्नल आधी ट्रान्सफॉर्मरमधून जातो, मग ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये वाढतो आणि बाहेर पडताना पुन्हा ट्रान्सफॉर्मरमधून जातो. सिग्नल जोरात आला की ट्रान्सफॉर्मरचा गाभा थोडा संपृक्त होतो, लाटेची टोकं गोलसर होतात आणि मूळ आवाजात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात. तंबोऱ्याच्या षड्जातून आपोआप उमटणारा गंधार ज्यांनी ऐकलाय, त्यांना उपस्वरांनी आवाजाला काय भरीवपणा येतो ते वेगळं सांगायला नको. मोजमापाच्या भाषेत ही विकृतीच. पण ड्रम आणि गळा त्यातून असे निघतात की लोक तिच्यासाठी आजही पैसे मोजतात.

१९७४च्या अखेरीस ड्रमर मिक फ्लीटवुड साउंड सिटी बघायला आला. आवाजाचा नमुना म्हणून इंजिनिअर कीथ ओल्सननं त्याला बकिंगहॅम-निक्स या जोडीचं तिथेच झालेलं एक गाणं ऐकवलं. फ्लीटवुडला स्टुडिओ पसंत पडलाच, शिवाय ती जोडीही त्यानं आपल्या बँडमध्ये घेतली. १९९१ साली निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमचं रेकॉर्डिंगही याच कन्सोलवर झालं. मिक्सिंग मात्र दुसऱ्या स्टुडिओत झालं, हे सांगायला कन्सोलची भक्तमंडळी सहसा विसरतात. साउंड सिटीच्या खोलीतच ड्रम विलक्षण वाजत, हेही. २०११ साली स्टुडिओचा व्यवसाय बंद झाल्यावर निर्वाणाचा ड्रमर डेव्ह ग्रोल यानं कन्सोल विकत घेऊन स्वतःच्या स्टुडिओत बसवला आणि २०१३ साली त्यावर एक माहितीपट आणला.

पण ऑटोमेशन शून्य म्हणजे काय, तेही बघावं. गाणं मिक्स करताना दोघा-तिघांनी फेडर वाटून घ्यायचे आणि अंतऱ्याला कोणी काय वर घ्यायचं ते पाठ करायचं. महिन्याभरानं निर्माता म्हणाला की ‘बाकी सगळं तेच, फक्त आवाज जरा वर’, की सहायकानं कागदावर टिपलेली प्रत्येक नॉबची जागा पुन्हा लावायची. तरी मिक्स तंतोतंत तसाच येईल याची खात्री नाही. सॉलिड स्टेट लॉजिक कंपनीच्या कन्सोलमधला संगणक पुढे नॉबच्या जागा लक्षात ठेवू लागला, पण तो त्या पडद्यावर दाखवी, फिरवायच्या माणसानंच.

कंट्रोल सरफेसचा जन्म या कटकटीतूनच झाला. स्वस्त अ‍ॅनालॉग मिक्सरसाठी नावाजलेल्या मॅकी कंपनीनं डिजिडिझाइन कंपनीच्या साथीनं १९९७ साली ‘हुई’ हा कंट्रोल सरफेस आणला. त्याच्या फेडरना मोटर होत्या. पुढच्या मॅकी कंट्रोलवर चॅनलचे आठ फेडर आणि एक मास्टर. बोट लागलं की मोटर सोडते, बोट उचललं की पुन्हा ताबा घेते. बँक बदलली, म्हणजे दुसरे आठ चॅनल निवडले, की आठही फेडर खर्रकन नव्या जागी धावतात. पट्टीची वरपासून खालपर्यंत १०२४ पायऱ्यांत विभागणी. वर्षापूर्वीचं गाणं उघडलं तरी सगळं जिथल्या तिथे.

मग घ्यायचं काय? माझ्या मते आधी एकच गोष्ट मोजावी: एका वेळी किती माणसं वाजवणार? मुंबईच्या जुन्या सिनेसंगीतात गायक, कोरस आणि भलामोठा वाद्यवृंद एकदमच रेकॉर्ड होई. नंतर सुधारायला फारसं काही उरत नसे, रेकॉर्डिस्टचा हात हाच मिक्स. आजही पखवाज, टाळ, हार्मोनियम आणि गायक यांना एकत्र बसवून अभंग रेकॉर्ड करायचा असेल, तर अ‍ॅनालॉग मिक्सर खरोखर कामाला येतो. आठ मायक्रोफोनना आठ प्रीअँप (दुबळा सिग्नल वाढवणारे), हेडफोनचा वेगळा मिक्स, गायकाशी बोलायला टॉकबॅक हे सगळं चांगल्या मिक्सरवर एकाच पेटीत मिळतं. कंट्रोल सरफेसमध्ये प्रीअँप सहसा नसतोच, आणि हे अनेकांना खोकं उघडल्यावर कळतं.

दुसरं, उशीर. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या संगणकाचा बफर २५६ नमुन्यांचा ठेवला, तर आवाज आत जायला सुमारे ६ मिलिसेकंद आणि बाहेर यायला तेवढेच. गायकाला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये किंचित मागून येतो आणि तो अडखळतो. अ‍ॅनालॉग मिक्सरमधून थेट ऐकवलं तर हा प्रश्नच येत नाही.

मिक्सर घेताना मात्र त्याची पाठही बघावी. यूएसबी असलेले अनेक स्वस्त मिक्सर संगणकाकडे फक्त दोन ट्रॅक पाठवतात. आठ जणांनी वाजवलं, पण नंतर एकट्या टाळांचा आवाज कमी करता येत नाही. प्रत्येक चॅनलला डायरेक्ट आउट हवा आणि पुढे तितक्याच इनपुटचा, आवाज संगणकात नेणारा इंटरफेस हवा. हा खर्च जाहिरातीत दिसत नाही. शिवाय मुंबई-कोकणच्या दमट हवेत फेडर आणि स्विच काही वर्षांत खरखरू लागतात. पण ते साफ करणारा, कपॅसिटर बदलणारा, सोल्डरिंगचा हात असलेला माणूस शोधला तर सापडतो. कंट्रोल सरफेसचं म्हातारपण वेगळं: मोटर ठणठणीत, फेडर ठणठणीत, आणि संगणकाच्या नव्या आवृत्तीला ड्रायव्हरच नाही. पन्नास वर्षांचा नीव्ह चालू आहे. पंधरा वर्षांचे कित्येक सरफेस अडगळीत पडलेत.

आणि जो एकटाच गातो, एकटाच वाजवतो, एकेक ट्रॅक चढवतो? त्यानं दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. एक चांगला मायक्रोफोन, दोन प्रीअँपचा इंटरफेस आणि खोलीच्या भिंतींवर थोडा खर्च. माउसचा फारच कंटाळा आला तर मोटरचा एकच फेडर असलेली छोटी पेटी मिळते. गाण्याच्या ओळीओळीला आवाज वर-खाली करायला तरी एका वेळी एकच बोट लागतं.