थेंबाला जात कळते का?

पुणतांब्याला संत चांगदेवांच्या समाधीचं दर्शन झालं की गोदावरीच्या घाटावर उतरा आणि बोटावर पाण्याचा एकच थेंब घ्या. दिसायला एवढासा! पण त्यात पाण्याचे रेणू किती? एकावर एकवीस शून्यं लिहा, त्याहूनही जास्त! प्रत्येक रेणू सारखाच : हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. शिवाय हे रेणू क्षणभरही स्वस्थ बसत नाहीत. एका सेकंदात ते अब्जावधी वेळा शेजारी बदलतात. त्र्यंबकेश्वरहून निघून नाशिक, कोपरगाव करत आलेल्या या पाण्याला कुणाकुणाचे हात लागले असतील! त्या हातांची जात सांगेल अशी प्रयोगशाळा जगात कुठेही नाही.

आता साताऱ्याच्या शाळेत चला. साल साधारण १९००. भीमराव नावाचा नऊ वर्षांचा मुलगा घरून आणलेल्या गोणपाटावर, वर्गात सगळ्यांपासून वेगळा बसलाय. त्याला तहान लागली तरी नळाला हात लावायची बंदी. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर दिवसभर घसा कोरडा. त्याच सुमारास तो घरातल्या इतर मुलांबरोबर वडिलांना भेटायला गोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरून पुढे बैलगाडीचा प्रवास. डबा भरलेला होता, पण पाणी द्यायला कुणी तयार होईना. मुलं उपाशीच झोपली. हे वाचताना मला आजही राग येतो.

समुद्रापलीकडे अमेरिकेतही हेच चालायचं. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा.

भीमराव शिकला. न्यूयॉर्कला गेला, लंडनला गेला, मोठमोठ्या पदव्या मिळवून डॉ. बाबासाहेब आंबेडकर होऊन परतला. महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता, पण तो कागदावरच राहिला. त्या तळ्यावर जनावरंसुद्धा पाणी प्यायची. अस्पृश्य मानलेल्या माणसांना मात्र मनाई! २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. एवढंच! पण त्यानंतर या माणसांवर लाठ्या पडल्या, कित्येक जण जखमी झाले. बाबासाहेबांनी मात्र आपल्या लोकांना उलट हात उगारू दिला नाही.

मग सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करायचं ठरवलं. शेण, गोमूत्र, दूध, दही असं मिसळून १०८ घागरी तळ्यात ओतल्या! आता विज्ञान काय म्हणतं, तेही ऐका. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांना १८८४ मध्ये आपल्याच कोलकात्यात, एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, जंतू सापडले होते. म्हणजे पाणी कशानं बिघडतं, हे महाडच्या ४३ वर्षं आधीच कळलं होतं. ते बिघडतं मैल्यातल्या जंतूंनी. मग शेण ओतल्यानं तळं स्वच्छ झालं असेल की घाण, तुम्हीच सांगा.

बाबासाहेब थांबले नाहीत. मार्च १९३० मध्ये याच गोदावरीच्या काठी, नाशिकला, काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडेना. मग आलं येवलं. पुणतांब्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर गोदावरी ओलांडून, कोपरगाव मागे टाकलं की येवला स्टेशन येतं. इतकं जवळ! तिथे १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी जाहीर केलं, की मी हिंदू म्हणून जन्मलो, पण हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर सगळ्या धर्मांचा विचार करत त्यांनी किती वर्षं घेतली? एकवीस! १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला.

आणि चवदार तळ्याचं काय झालं? विरोधक कोर्टात गेले होते. अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचं नाही ही पूर्वापार रूढी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांना सिद्ध करता आलं नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला आणि तळ्याचं पाणी सगळ्यांना मोकळं झालं. महाडच्या सत्याग्रहाच्या दिवशी जन्मलेलं बाळ तोवर दहा वर्षांचं होत आलं होतं, म्हणजे जवळजवळ तुमच्याएवढं.