रिपोर्ट आला, अर्थ यायचाय

मिशिगनमध्ये राहून बिनआयोडीनचं मीठ शोधत फिरायचं, ही जरा गंमतच. १९२४ साली अमेरिकेत आयोडीनयुक्त मीठ पहिल्यांदा दुकानांत आलं ते याच राज्यात. ग्रेट लेक्सच्या भोवतालच्या जमिनीत आयोडीन कमी, त्यामुळे इथे गलगंड फार. आता दुकानात दोन्ही डबे शेजारीशेजारी असतात. थायरॉइडच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि किरणोत्सारी आयोडीन होऊन गेल्यावर फेरतपासणीचा स्कॅन ठरला, की आमच्या ओट्यावर साध्या मिठाचा डबा येतो.

त्यामागचं कारण सोपं आहे. थायरॉइडची पेशी मानेत असो वा भरकटून फुप्फुसात गेलेली असो, रक्तातलं आयोडीन ओढते. तिला आधी उपाशी ठेवायचं, मग किरणोत्सारी आयोडीन द्यायचं आणि ते कुठे जाऊन बसतं ते बघायचं. म्हणून दही, ताक, चीज, अंड्याचा बलक, मासे, सोया, बेकरीचा पाव, सगळं बंद. भारतातून येणारी लोणची-पापडही बंद, कारण त्यांतलं मीठ बहुधा आयोडीनवालंच. उरतं भात, तूर डाळीचं वरण, भाकरी आणि बटाटा. ‘अगं, उपासाचं सैंधव तरी चालेल ना?’ आईने पुण्याहून विचारलं. यादीत समुद्री मीठ बाद होतं, सैंधवाचा उल्लेखच नव्हता. मी तेही बाजूला ठेवलं. चातुर्मासाचे नियम याहून सोपे असतात.

पेशी उपाशी असून भागत नाही, तिला हाकही द्यावी लागते. ती हाक म्हणजे टीएसएच हे संप्रेरक. पूर्वी ते वाढावं म्हणून रोजची थायरॉइडची गोळी काही आठवडे बंद करत, आणि माणूस थंडीने, थकव्याने, सुजेने बेजार होई. १९९८ साली थायरोजेन या टीएसएचच्या इंजेक्शनला परवानगी मिळाल्यापासून बऱ्याच जणांची त्यातून सुटका झाली. सोमवारी आणि मंगळवारी इंजेक्शन, बुधवारी आयोडीनची छोटी कॅप्सूल, शुक्रवारी स्कॅन आणि रक्त.

गॅमा कॅमेरा स्वतः काही सोडत नाही. अंगातून बाहेर पडणारे किरण टिपतो. आधी लघवीला पाठवतात, कारण आयोडीन लघवीवाटेच बाहेर पडतं आणि भरलेलं मूत्राशय चित्रात काळंभोर दिसतं. खिशातला रुमालही काढून ठेवायला सांगतात. लाळेत, शेंबडात आयोडीन उतरतं. तसा रुमाल खिशात राहिला तर मांडीपाशी एक डाग उमटतो आणि त्याचं स्पष्टीकरण शोधत बसावं लागतं. लाळग्रंथी, नाक, जठर, आतडी यांचे डाग तर ठरलेलेच. पडद्याकडे चोरून बघणाऱ्या रुग्णाला हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

या पद्धतीची सुरुवात न्यूयॉर्कच्या मॉन्टेफिओरी रुग्णालयात झाली. थायरॉइड केव्हाच काढून टाकलेल्या एका रुग्णाला अतिथायरॉइडची लक्षणं होती, कारण पसरलेला कॅन्सरच संप्रेरक तयार करत होता. सॅम्युअल सायडलिन यांनी १९४३ मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन दिलं आणि ते त्या गाठींमध्ये जाऊन बसलेलं त्यांना दिसलं.

पूर्वी थांबायचं ते कागदासाठी. एप्रिल २०२१ पासून संघीय नियमानुसार अमेरिकेत बहुतेक रिपोर्ट तयार होताच रुग्णाला खुले करावे लागतात. माझा शुक्रवारी संध्याकाळी फोनवर आला; डॉक्टर भेटणार सोमवारी.

‘अरे, रिपोर्ट आलाय.’

‘उघडू नकोस,’ नवरा म्हणाला, आणि चष्मा शोधायला लागला.

स्कॅनचा निष्कर्ष बरा वाटला: आयोडीन ओढणारा आजार कुठे दिसत नाही. पण रक्ताच्या तक्त्यात थायरोग्लोब्युलिन ०.३ आणि पुढे लाल बाण. शनिवार-रविवार तो बाण छातीत रुतलेला. सोमवारी उलगडलं, की प्रयोगशाळेची ‘नॉर्मल’ मर्यादा थायरॉइड शाबूत असलेल्यांची असते. हे प्रथिन बनवतातच थायरॉइडच्या पेशी, मग ज्याची ग्रंथीच काढली त्याचा आकडा जितका खाली तितका चांगला. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या निकषांत इंजेक्शननंतर १ च्या खाली आणि स्कॅन, सोनोग्राफी स्वच्छ, याला ‘उत्कृष्ट प्रतिसाद’ म्हटलं आहे. बाण संगणकाने लावला होता. लाल रंग त्याने जरा जपून वापरावा, एवढंच माझं म्हणणं.

मात्र खालचा आकडा फसवाही असू शकतो. रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी अँटिबॉडी असतील तर तो खोटा कमी येतो. केसांसाठी घेतलेलं बायोटिनही तेच करू शकतं. म्हणून डॉक्टर आधी अँटिबॉडीची ओळ बघतात, आणि दर वेळी त्याच प्रयोगशाळेत जा म्हणतात. एका आकड्यापेक्षा चढ-उतार त्यांना महत्त्वाचा. स्कॅनचंही तसंच. काही पेशी आयोडीन ओढणंच सोडून देतात आणि मग चित्र कोरं येऊनही आजार असू शकतो. मानेची सोनोग्राफी त्यासाठी. आजार परतला तर बहुतेकदा मानेतल्या लसिकाग्रंथींतच सापडतो. कमी धोक्याच्या रुग्णांना तर हल्ली पूर्ण अंगाचा स्कॅन सरसकट सांगतही नाहीत. रक्त आणि सोनोग्राफीवर भागतं.

या सगळ्याचा अर्थ रिपोर्टमध्ये कुठेच नव्हता, तो निघाला प्रिस्क्रिप्शनमध्ये. इतके दिवस टीएसएच मुद्दाम दाबून ठेवण्यासाठी जादा डोस होता. त्याने छाती धडधडायची, पुढे हाडंही ठिसूळ होऊ शकतात. आता ०.५ ते २ च्या दरम्यान टीएसएच चालेल, म्हणून डॉक्टरांनी गोळी १३७ वरून १२५ मायक्रोग्रॅमवर आणली. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचंय. तोवर बायोटिन बंद आणि दही सुरू.