डॉक्टर व्हायचे, तर अकरावी कुठे?



गेल्या तिमाहीत एका मंडळीत वसतिगृहाची माहिती द्यायला गेलो होतो. उपासनेनंतर चहा घेताना एका आजींनी विचारले, "सर, तुमच्या मुलांपैकी कोणाला डॉक्टर व्हायचे असेल, तर चांगले कॉलेज कोणते? माझी नात अमेरिकेत आहे. तिच्या घरी सध्या हाच विषय चालू असतो."

अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते आणि मग मेडिकलसाठी अर्ज करतात. तिथे पदवीच्या कॉलेजची चर्चा होते, ती त्यामुळे. आपल्याकडे बारावीनंतर थेट एमबीबीएस. म्हणून आपल्या मुलांसाठी हा निर्णय सोळाव्या वर्षी, दहावीच्या निकालानंतरच्या काही दिवसांत होतो. तो कसा चुकतो, हे मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

काही वर्षांपूर्वी अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावरची मुलगी आमच्या वसतिगृहातून दहावी झाली. हुशार आणि जिद्दीची. तिचे मामा सीमेपलीकडे गुजरातमध्ये कामाला होते. "इथे कॉलेज घराजवळ आहे, राहायची सोय आहे," असे ते म्हणाले. दाखला मीच दिला, पेढाही खाल्ला. पुढचा विचार मी केला नाही. तिने तिथे बारावी केली आणि दुसऱ्या प्रयत्नात नीटमध्ये चांगले गुण मिळवले. त्या वर्षी आपल्या राज्यात अनुसूचित जमातीच्या ज्या गुणांवर जागा मिळाल्या, त्यापेक्षा तिचे गुण जास्त होते. तरीही राज्याच्या यादीत तिचे नाव आले नाही.

कारण नियमात आहे. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरतात. महाराष्ट्राच्या कोट्यासाठी राज्याचा अधिवास लागतो, आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर दहावी-बारावीही महाराष्ट्रातूनच झालेली असावी लागते. तिची बारावी गुजरातची होती, आणि अधिवास नसल्यामुळे गुजरातच्या कोट्यातही ती बसत नव्हती.

आकड्यांत पाहू. १०० जागांच्या सरकारी कॉलेजात ८५ जागा राज्याच्या. त्यात अनुसूचित जमातीला ७ टक्के, म्हणजे सहाच्या आसपास जागा. अखिल भारतीय कोट्याच्या १५ जागांत जमातीला साडेसात टक्के, म्हणजे जेमतेम एक, आणि तिच्यासाठी देशभरातली मुले स्पर्धेत. आमच्या मुलीपुढे हे एकच दार उरले. ते उघडले नाही. आज ती नर्सिंग शिकते आहे, मन लावून शिकते आहे. पण दाखल्यावर सही करताना मी एक प्रश्न विचारला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती.

तेव्हापासून दहावीच्या प्रत्येक मुलाच्या घरी आम्ही पाच गोष्टी तपासतो.

पहिली, कॉलेज कोणत्या राज्यात आहे. नंदुरबार, पालघर, गडचिरोली हे आपले सीमेवरचे जिल्हे. पलीकडचे कॉलेज कधीकधी खरोखरच जवळ असते. कोटा राजस्थानात आहे, हेही विसरू नये. क्लास कुठलाही करा, बारावी महाराष्ट्रातली हवी.

दुसरी, विषय. नीटला बसण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. गावाजवळच्या कॉलेजात अनेकदा कला शाखाच असते, तर काही ठिकाणी जीवशास्त्राला शिक्षक नसतो म्हणून मुलांना दुसरा विषय सुचवला जातो. नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत. जीवशास्त्राचा शिक्षक नसलेले कॉलेज म्हणजे अर्धा पेपर आधीच हातचा गेला.

तिसरी, शिकवणे. कॉलेजचे नाव किंवा बारावीची टक्केवारी मेडिकलच्या गुणवत्ता यादीत धरत नाहीत. तिथे नीटचेच गुण चालतात. जमातीच्या विद्यार्थ्याला बारावीच्या तीन विज्ञान विषयांत मिळून ४० टक्के पुरतात. म्हणून "मोठे कॉलेज" शोधत फिरण्याची गरज नाही. तास रोज होतात का, प्रयोगशाळा उघडते का, आणि अकरावीचा अभ्यासक्रम पूर्ण होतो का, हे पाहावे. नीटला अकरावी आणि बारावी दोन्हींचा अभ्यासक्रम असतो. पुष्कळ ठिकाणी अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष समजतात. आमची मुले तिथेच मागे पडतात.

चौथी, भाषा. मूल घरी पावरी किंवा भिली बोलते, दहावीपर्यंत मराठीत शिकते आणि अकरावी विज्ञानात एकदम इंग्रजी समोर येते. पहिल्या सहामाहीत गप्प बसणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. त्यांना विषय समजत नाही असे नसते. 'पेशी' माहीत असते, 'सेल' माहीत नसते. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पण तो पर्याय अर्ज भरतानाच निवडावा लागतो. आणि दोन वर्षे इंग्रजीतून शिकलेल्या मुलाला मराठी पेपर सोपा जाईलच असे नाही. म्हणून जून महिन्यात आम्ही संध्याकाळी फक्त शब्द शिकवतो. ज्या कॉलेजात शिक्षक मराठीत समजावून सांगतात, ते कॉलेज आम्ही वरच्या पसंतीला लिहायला सांगतो.

पाचवी गोष्ट कागदांची. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जमातीचे वैधता प्रमाणपत्र लागते. त्याचा प्रस्ताव बारावी विज्ञानाच्या मुलांना कॉलेजमार्फत पाठवता येतो. जे कॉलेज हे वेळेवर करते, तिथले मूल प्रवेशाच्या दिवशी निर्धास्त असते. पुराव्यात १९५० पूर्वीच्या नोंदी विचारल्या जातात. ज्या घरातून आजवर कोणी शाळेत गेले नाही, त्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला कुठून येणार? मग महसुली नोंदी शोधायच्या, नात्यातल्या कोणाला वैधता मिळाली आहे का हे पाहायचे. याला महिने लागतात. म्हणून आम्ही अकरावीतच सुरुवात करतो.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला आहे. दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येते. ही चांगली सोय आहे, कारण पाड्यावरच्या मुलालाही जिल्ह्याच्या गावचे कॉलेज मागता येते. पण फॉर्म बहुधा बाजाराच्या गावी, सायबर कॅफेत, घाईने भरला जातो. पसंती कोण लिहितो? पुष्कळदा कॅफेवाला!

नंदुरबारला २०२० मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झाले. पूर्वी आमच्या मुलांना मेडिकल कॉलेज म्हणजे मुंबई-पुण्याची गोष्ट वाटे. आता एसटीच्या खिडकीतून ती इमारत दिसते.

आपण विचारता, आम्ही काय करावे? देणगीबद्दल आम्ही आभारी आहोतच. पण या वर्षी आणखी एक मागणे आहे. आपल्या मंडळीत कोणी निवृत्त विज्ञान शिक्षक असतील, तहसील कार्यालयाच्या कामाची माहिती असलेले कोणी असतील, तर दहावीच्या निकालानंतरचे पंधरा दिवस आम्हाला द्या. एका कुटुंबाबरोबर बसा, फॉर्म वाचा, दहा पसंत्या विचारपूर्वक लिहा. राहण्या-जेवणाची सोय वसतिगृहात होईल. भाकरी नाचणीची असेल.

त्या आजींना मी तेव्हा घाईत "बघू" एवढेच म्हणालो होतो. हे त्यांना दिलेले उत्तर समजावे.