पाणीटंचाईच्या काळातील निर्बंध व सवलतीचा अर्ज

पर्जन्यमान अपुरे झाले म्हणजे माघ-फाल्गुनापासूनच विहिरींचे पाणी खोल जाऊ लागते. गावाचा पिण्याच्या पाण्याचा साठा पावसाळ्यापर्यंत पुरावा, या हेतूने अशा वेळी उपशावर निर्बंध घालावे लागतात. निर्बंध सर्वांच्या हिताचे असले तरी प्रत्येकाची अडचण सारखी नसते. कोणाच्या गोठ्यात दुभती जनावरे असतात, तर कोणाची दहा वर्षे जोपासलेली बाग वाळू लागते. अशांनी सवलत मागणे गैर नव्हे. मात्र सवलतीचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीला पोसणाऱ्या झऱ्यांतूनच येत असते. म्हणून ती उपशापूर्वी, उघडपणे व मोजून मागितली पाहिजे.

निर्बंधांचा आधार

पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे विनियमन करणारा अधिनियम महाराष्ट्रात १९९३ साली झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास त्याने मनाई केली. टंचाईग्रस्त म्हणून घोषित केलेल्या क्षेत्रात, उद्भवापासून १ किलोमीटरच्या आतील विहिरींच्या उपशाचे नियमन करण्याचा अधिकारही त्यात होता. पुढे २००९ च्या भूजल अधिनियमाने त्याची जागा घेतली व तो १ जून २०१४ पासून अंमलात आला. पिण्याच्या पाण्याच्या उद्भवांचे संरक्षण त्यातही राखलेले आहे.

कित्येक गावे याखेरीज आपले नियम स्वतः ठरवितात. पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची उभारणी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे तर माणशी, अर्ध्या एकरापुरता, धरावा आणि उसाला पाणी देऊ नये, असे तेथे ठरले. नियम सर्वांस सारखा असला म्हणजे तो पाळला जातो, हा त्यातील बोध होय. सवलत देतानाही तो विसरू नये.

कोणती मागणी रास्त?

माणसांचे पिण्याचे पाणी प्रथम व त्यानंतर जनावरांचे, हा क्रम सोडू नये. मोठ्या जनावरास दिवसाकाठी सुमारे ४० ते ६० लिटर पाणी लागते. चार जनावरे असली तरी ही गरज २४० लिटरच्या आत भागते. अशी मागणी सहसा नाकारू नये.

त्याखालोखाल फळबागांचा विचार करावा. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना व लगतच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या अनेक बागा वाळून गेल्या. नवी बाग लावून फळ हाती येण्यास पुन्हा काही वर्षे जातात. तथापि झाडे जगविण्यापुरते पाणी मागणे वेगळे आणि बहार धरण्यासाठी मागणे वेगळे. पहिली मागणी रास्त, दुसरी टंचाईच्या वर्षी अयोग्य होय. उन्हाळी भुईमूग किंवा नवी ऊसलागण यांसाठीही सवलत मागू नये.

हिशेब कसा करावा?

एक एकरास ६ सेंटीमीटर पाण्याची एक पाळी मोकाट पद्धतीने दिली, तर सुमारे २ लाख ४० हजार लिटर पाणी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या मानाने ही एक पाळी म्हणजे ११०० वस्तीच्या गावाचे चार दिवसांचे पाणी झाले. उलटपक्षी, समजा एकरी ११० झाडांना ठिबकने एक दिवसाआड ४० लिटर दिले, तर महिन्याला ६६ हजार लिटर पुरतात. बुंध्याशी गवताचे किंवा पाचटाचे आच्छादन केल्यास ओलावा अधिक टिकतो.

विहिरीचा आवकही मोजावा. सायंकाळी पंप बंद करून, दोरीला वजन बांधून पाण्याची खोली पाहावी व पहाटे उपशापूर्वी पुन्हा पाहावी. ६ मीटर व्यासाच्या गोल विहिरीत रात्रीतून पाणी ५० सेंटीमीटर चढले, तर आवक सुमारे १४ हजार लिटर समजावी. सात दिवसांची अशी नोंद अर्जास जोडावी.

अर्ज व त्यानंतर

अर्जात सातबारा उतारा, विहिरीचे स्थान व सार्वजनिक उद्भवापासूनचे अंतर, झाडांची वा जनावरांची संख्या, लागणारे पाणी आणि मुदत ही माहिती असावी. गावाने ठरविलेल्या नियमातून सवलत हवी असल्यास ग्रामसभेपुढे अर्ज ठेवावा. शासकीय आदेशातून हवी असल्यास, आदेशात नमूद केलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज देऊन पोच घ्यावी. पोच म्हणजे परवानगी नव्हे. लेखी आदेश हाती येईपर्यंत पंप सुरू करू नये. अर्ज नामंजूर झाल्यास कारण लेखी मागावे व पुन्हा अर्ज करावा. रात्री चोरून उपसा केल्याने नियमाविषयी गावाचा विश्वासच नाहीसा होतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिफारस करण्यापूर्वी विहीर समक्ष पाहावी. अर्जदार नात्याचा की परका, मोठा की लहान, हे पाहू नये. मंजूर सवलतींची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, दर पंधरवड्यास उद्भवाची पातळी मोजावी आणि ती खालावल्यास सवलतीचा फेरविचार करवून घ्यावा. कोणास किती पाणी व का मिळाले, हे सर्वांस ठाऊक असले म्हणजे ज्याला सवलत मिळाली नाही तोही नियम पाळतो, आणि टंचाईचे उरलेले दिवस गाव एकोप्याने पार पाडते.