एचआयव्हीची गणना आणि समूहांची नावे

एखाद्या समूहात रोगाचे प्रमाण किती, आणि बाधितांपैकी किती जणांस आपल्या स्थितीची जाणीव आहे, हे दोन प्रश्न वरवर पाहता संख्याशास्त्राचे होत. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे. ज्याला विचारावयाचे त्याला कोणत्या नावाने संबोधले, यावर त्याचे उत्तर, किंबहुना तो उत्तर देण्यास पुढे येतो की नाही हेही, बरेचसे अवलंबून असते.

भारतातील २०२१ च्या अंदाजानुसार प्रौढांत एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२१ टक्के होते. त्याच वर्षीच्या शासकीय पाहणीत पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते ३.२६ टक्के, तर हिजडा व अन्य पारलिंगी व्यक्तींत ३.७८ टक्के आढळले; म्हणजे पंधरा ते अठरा पट. हे आकडे प्राधान्याने प्रतिबंधक प्रकल्पांत नोंदल्या गेलेल्या व्यक्तींचे आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे. नोंद झालेल्या मनुष्याला निदान तपासणीचा रस्ता ठाऊक असतो. न नोंदलेल्याचे काय?

‘पुरुषांशी लैंगिक संबंध ठेवणारे पुरुष’ ही संज्ञा रोगशास्त्रज्ञांनी सोयीसाठी घडविली. तिच्यात आचरणाचा निर्देश आहे, आत्मनामाचा नाही. यंग आणि मायर या अभ्यासकांनी २००५ साली तिच्यावर आक्षेप घेतला, तो याच कारणास्तव. आपल्याकडे तर समूहाची स्वतःची परिभाषा आहे. स्त्रीसदृश वर्तनाचा पुरुष स्वतःस ‘कोथी’ म्हणवितो आणि आपल्या पुरुषी जोडीदारास ‘पंथी’ म्हणतो. (‘तृतीयपंथी’ या मराठी शब्दातील ‘पंथी’शी त्याची गल्लत होऊ देऊ नये.) यातील मर्म असे की, ‘पंथी’ हे बहुधा दुसऱ्याने ठेवलेले नाव आहे. ज्याला ते लावले जाते तो स्वतःला निव्वळ पुरुष समजतो. पुष्कळदा तो विवाहितही असतो. ‘अशा पुरुषांनी तपासणी करून घ्यावी’ हे आवाहन त्याच्या कानी पडले तरी ते आपल्याला उद्देशून आहे असे त्याला वाटत नाही. पारलिंगी स्त्रियांची अडचण याच्या उलट आहे. अनेक पाहण्यांत त्यांना पुरुषांच्याच रकान्यात बसविले गेले, आणि स्वतंत्र मोजणी झाली तेव्हा कुठे त्यांच्यातील अधिक प्रमाण दृष्टीस पडले.

जाणिवेविषयीचा सर्वांत बोलका पुरावा २०१२-१३ मध्ये अनेक भारतीय शहरांत झालेल्या पाहणीचा होय. तीत सहभागी व्यक्तींनीच आपल्या ओळखीच्यांना पुढे आणावे, अशी पद्धत होती. त्यामुळे प्रकल्पांबाहेरचे लोकही गवसले. १२,०२२ पुरुषांपैकी १,१४६ जण बाधित आढळले. निरनिराळ्या ठिकाणांचा मध्यक घेता त्यांतील अवघ्या ३० टक्क्यांना आपल्या स्थितीची कल्पना होती, आणि रक्तातील विषाणू औषधाने दबलेले केवळ १० टक्के होते. एका ठिकाणी जाणीव शून्य, तर दुसरीकडे ९० टक्के! एकाच देशातील, एकाच संज्ञेखाली मोजलेल्या लोकांत इतके अंतर असावे, हे त्या संज्ञेच्या एकजिनसीपणाबद्दल शंका उत्पन्न करणारे आहे.

कायद्याचे भय हे कारण पुढे केले जाते आणि ते रास्तही आहे. तथापि दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००९ च्या निर्णयामुळे त्या पाहणीच्या बहुतेक काळात कलम ३७७ चा धाक नव्हता; तो डिसेंबर २०१३ मध्ये परतला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी संपला. त्यानंतर चारच दिवसांनी, बाधिताच्या स्थितीची गुप्तता राखण्याचे बंधन घालणारा २०१७ चा कायदा अमलात आला. घरचे, शेजारचे आणि दवाखान्यातले भय मात्र अशा तारखांनी मोजता येत नाही.

या भयाचा परिणाम मोजणीच्या साधनावरही होतो. ‘तुम्हाला बाधा आहे हे पूर्वी माहीत होते काय?’ या प्रश्नाला आलेल्या ‘नाही’चे दोन अर्थ संभवतात: माहीत नव्हते, किंवा सांगावयाचे नाही. आफ्रिकेतील काही राष्ट्रीय पाहण्यांत म्हणूनच रक्तात एचआयव्हीवरील औषधांचा अंश आहे काय हेही तपासले गेले. ज्यांच्यात तो सापडला, त्यांनी ‘नाही’ म्हटले असले तरी त्यांची गणना जाणणाऱ्यांत करण्यात आली.