कंचुकधारी प्राणी

कंचुकधारी प्राणी (शास्त्रीय नाव: ट्युनिकेटा, पर्यायी नाव: युरोकॉर्डाटा) हा समपृष्ठरज्जू प्राणिसंघातील एक उपसंघ आहे. यातील सर्व प्राणी सागरी असून त्यांच्या सुमारे ३,००० जाती ज्ञात आहेत. दिसण्यात ते स्पंजासारखे किंवा जेलीच्या गोळ्यासारखे असतात. त्यांना पाठीचा कणा नसतो. तरीही मासे, पक्षी, मनुष्य इत्यादी पृष्ठवंशीय प्राण्यांचे ते सर्वांत जवळचे हयात नातलग मानले जातात.

शरीररचना

या प्राण्यांचे शरीर कंचुक नावाच्या आवरणात असते. त्यावरूनच त्यांना हे नाव मिळाले. कंचुकात सेल्युलोज असते. सेल्युलोज हा वनस्पतींच्या पेशीभित्तिकांचा घटक असून तो स्वतः तयार करणारे प्राणी या उपसंघाबाहेर आढळत नाहीत. हे सामर्थ्य देणारे जनुक त्यांच्या पूर्वजांना जीवाणूंकडून मिळाले असावे, असे मानले जाते.

शरीरावर दोन छिद्रे असतात. एका छिद्रातून पाणी आत येते, ग्रसनीच्या फटींमधून गाळले जाते व दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडते. पाण्यातील सूक्ष्म कण ग्रसनीतील चिकट श्लेष्म्यात अडकतात व अन्न म्हणून वापरले जातात. हृदय काही वेळ एका दिशेने रक्त ढकलते, थांबते आणि मग उलट दिशेने ढकलू लागते. बहुतेक जाती उभयलिंगी आहेत. अनेक जाती मुकुलनानेही वाढतात व त्यांच्या वसाहती तयार होतात.

डिंभ आणि रूपांतरण

या प्राण्यांची खरी ओळख प्रौढावस्थेत नव्हे, तर डिंभावस्थेत पटते. ॲसिडियनचा डिंभ बेडकाच्या पिल्लासारखा शेपटीवाला असतो. शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे शरीराला आधार देणारा लवचिक दंड असतो व त्याच्या वरच्या बाजूस पोकळ चेतारज्जू असतो. सिओना या प्रजातीच्या डिंभात हा पृष्ठरज्जू केवळ ४० पेशींचा बनलेला असतो.

डिंभ अन्न घेत नाही. काही मिनिटांपासून काही दिवसांपर्यंत पोहून तो योग्य जागा शोधतो व डोक्याकडील चिकट भागाने खडकाला घट्ट धरतो. त्यानंतर शेपटी शोषली जाते, पृष्ठरज्जू नाहीसा होतो व एका जागी स्थिर राहणारा प्रौढ प्राणी तयार होतो. ‘हा प्राणी स्वतःचाच मेंदू खातो’ असे विधान अनेकदा केले जाते. ते दिशाभूल करणारे आहे. डिंभाची चेतासंस्था बरीचशी विघटित होत असली, तरी प्रौढात चेतागुच्छ असतो व तो शरीराचे नियंत्रण करतो.

वर्गीकरणाचा इतिहास

बाह्य रूप पाहून पूर्वी या प्राण्यांना शिंपले-कालवांच्या, म्हणजे मृदुकाय प्राण्यांच्या गटात ठेवले जात असे. १८१६ मध्ये लामार्क यांनी त्यांच्यासाठी ट्युनिकेटा हे नाव वापरले. १८६६ मध्ये रशियन शास्त्रज्ञ अलेक्झांडर कोवालेव्हस्की यांनी डिंभातील पृष्ठरज्जू दाखवून दिला आणि त्यांचे स्थान समपृष्ठरज्जू प्राण्यांत निश्चित झाले. तरीही पृष्ठवंशीयांचा सर्वांत जवळचा नातलग अँफिऑक्सस असावा, असे दीर्घकाळ समजले जाई. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तो मान कंचुकधारी प्राण्यांना दिला.

विविधता

महाराष्ट्राच्या इयत्ता दहावीच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या उपसंघाची हर्डमानिया, डोलिओलम व ऑइकोप्ल्युरा ही उदाहरणे दिली आहेत. ही तीन नावे पारंपरिक तीन वर्गांची प्रतिनिधी आहेत.

ॲसिडिएशिया: सर्वाधिक जाती या वर्गात आहेत. प्रौढ प्राणी खडक, शंख किंवा जहाजाच्या तळाला चिकटलेले असतात. हर्डमानिया हे नाव ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ विल्यम हर्डमन यांच्यावरून पडले. भारतीय समुद्रातील हर्डमानियावर एस. एम. दास यांनी लिहिलेला ग्रंथ १९३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे भारतातील महाविद्यालयांत या प्राण्याचा अभ्यास रूढ झाला.

थॅलिएशिया: हे पारदर्शक, मुक्त तरंगणारे प्राणी आहेत. डोलिओलमचा आकार पिंपासारखा असतो. साल्प प्राण्यांत एकेकटी व साखळीने जोडलेली अशा पिढ्या आलटून पालटून येतात. पायरोसोमच्या वसाहती अंधारात प्रकाशतात.

लार्व्हेशिया: ऑइकोप्ल्युरासारख्या या लहान प्राण्यांची शेपटी व पृष्ठरज्जू आयुष्यभर टिकतात. अन्न गाळण्यासाठी ते श्लेष्म्याचे ‘घर’ बांधतात; टाकून दिलेली घरे तळाशी जाताना कार्बनही खोल समुद्रात नेतात.

थॅलिएशिया हा गट ॲसिडियनांमधूनच उद्भवल्याचे जनुकीय अभ्यासांतून दिसते. त्यामुळे हे वर्गीकरण बदलत आहे.

संबंधित प्राणी

अँफिऑक्ससमध्ये पृष्ठरज्जू डोक्यापासून शेपटीपर्यंत व आयुष्यभर असतो. बॅलॅनोग्लॉसस या अर्धसमपृष्ठरज्जू प्राण्यात ग्रसनीच्या फटी असतात, परंतु खरा पृष्ठरज्जू नसतो. त्याचे जवळचे नाते तारामाशांच्या संघाशी आहे.

महाराष्ट्रातील अभ्यास

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. कोकण व जिल्हा यांच्यामध्ये सह्याद्री उभा आहे. येथील विद्यार्थ्यांना असे प्राणी बहुधा पुस्तकातील आकृतीत किंवा प्रयोगशाळेच्या बरणीतच दिसतात. बरणीतील नमुना प्रौढ असल्याने त्यात पृष्ठरज्जू सापडत नाही आणि हा प्राणी समपृष्ठरज्जू कसा, असा प्रश्न पडतो. डिंभाची आकृती शेजारी ठेवल्यास त्याचे उत्तर मिळते. कोकण किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी खडकांच्या सावलीतील बाजूस किंवा धक्क्याच्या खांबांवर ॲसिडियन शोधता येतात. एकेकट्या ॲसिडियनला दोन स्पष्ट छिद्रे असतात व धक्का लागताच तो आकसून पाण्याची चिळकांडी उडवतो. स्पंज असे करत नाही.

मानवाशी संबंध

ॲसिडियनांपासून मिळालेले ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरील औषध २००७ मध्ये युरोपात मंजूर झाले. कोरिया व जपानमध्ये काही जाती खाल्ल्या जातात. काही जाती समुद्राच्या पाण्यातील व्हॅनेडियम हा धातू आपल्या रक्तपेशींत साठवतात. दुसरीकडे, जहाजांना चिकटून परक्या किनाऱ्यांवर पोहोचलेल्या जाती शिंपल्यांच्या शेतीला उपद्रव देतात. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील डायब्लो कॅनियन अणुवीज केंद्राच्या पाणी घेण्याच्या मार्गात साल्पांचे थवे अडकल्याने तेथील एक संच बंद ठेवावा लागला होता.